लिफ्टही जगण्याच्या हक्कात येते

रेवस बंदरावरचा अत्यवस्थ रुग्ण मिळेल त्या गाडीने अलिबागला न्यायचा. तिथे भागले नाही तर मुंबई. एवढे करून रुग्णालयात 'लिफ्ट बंद आहे' ही पाटी दिसली, तर उपचाराचा हक्क तळमजल्यावरच संपतो. मग स्ट्रेचर जिन्याने कोण चढवतो? कंत्राटी वॉर्डबॉय आणि सफाई कामगार. हे खांदे कुठल्या वस्तीतले, ते आमच्या वाचकांना सांगायला नको.

कायदा नाही असे नाही. १९३९ चा मुंबई लिफ्ट कायदा होता, २०१७ साली राज्याने नवा केला. विद्युत निरीक्षकाचा परवाना लागतोच. पण चार माणसे उभी राहतील एवढ्या डब्यात झोपलेला रुग्ण मावत नाही. रुग्णालयाची लिफ्ट खोल हवी, दार रुंद हवे. डबा मजल्याच्या पातळीला नेमका थांबला पाहिजे, नाहीतर चाक अडकते आणि सलाईन निसटते. वीज गेली तर ती जनरेटरवर चालली पाहिजे.

पैसा नाही, ही सबब सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात फेटाळली. तातडीचे उपचार कलम २१ मध्ये येतात. दिव्यांग हक्क कायद्याखालचे नियम जून २०१७ चे. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्याची पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच सरली.

रेवसच्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज जिल्हा रुग्णालयात द्यावा. परवाना कधीचा? शेवटची तपासणी कधी? देखभालीचे कंत्राट कुणाकडे? वर्षात लिफ्ट किती दिवस बंद होती? तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते. नाही आले, तर पहिले अपील आहे.