कामाला प्रवेश, कर्त्याला मनाई

एखाद्याच्या हातचे काम दिवाणखान्यात मानाने मांडायचे आणि ते करणाऱ्या माणसाला मात्र दारातच थांबवायचे, हा अनुभव आपल्या वाचकांना नवा नाही. जगात इतरत्रही हेच चालते. हैती देशातल्या गरीब कलावंतांनी अशा अपमानाला जे उत्तर दिले, ते आज आम्ही मुद्दाम सांगत आहोत.

हैतीत १७९१ मध्ये गुलामांनी बंड पुकारले आणि १८०४ मध्ये फ्रेंच मालकांना हाकलून स्वतःचे राष्ट्र उभे केले. त्यावर १८२५ मध्ये फ्रान्सने त्यांच्याकडूनच १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली! त्या कर्जाच्या ओझ्याखाली पुढच्या कित्येक पिढ्या वाकल्या.

या देशाची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स. तिथे ग्रां रू नावाच्या हमरस्त्यामागे दाट वस्ती आहे. मोटारी दुरुस्त करायच्या, पर्यटकांसाठी लाकडी वस्तू कोरायच्या, हे तिथले धंदे. पर्यटक आटले तसा कोरीवकामाचा धंदाही बसला. तेव्हा आंद्रे युजीन, जाँ हेरार सेलर आणि त्यांच्या सोबत्यांनी भंगाराला हात घातला. मोटारीचे सुटे भाग, फाटके टायर, मोडके लाकूड, इतकेच काय, माणसाच्या कवट्यासुद्धा घेऊन त्यांनी मूर्ती घडवल्या. त्यांत गुलाम म्हणून आणलेल्या पूर्वजांच्या व्होडू धर्मातले देव अवतरले. या मंडळींनी आपल्या गटाला नाव दिले ‘आतीस रेझिस्तान्स’, म्हणजे प्रतिकाराचे कलावंत. युजीनने तर आपले घर आणि अंगण हेच संग्रहालय म्हणून जाहीर केले. वस्तीतल्या पोरांचाही एक गट तयार झाला.

काम गाजले. २००७ मध्ये इंग्लंडच्या लिव्हरपूल बंदरात गुलामगिरीच्या इतिहासाचे संग्रहालय उघडले. त्यात हैतीच्या या कलावंतांनी भंगारातून उभारलेले स्वातंत्र्यशिल्प मांडले गेले. पण अमेरिकेत मायामीला यांच्या मूर्तींचे प्रदर्शन भरले, तेव्हा उद्‌घाटनाला निघालेल्या कलावंतांना व्हिसा नाकारण्यात आला. मूर्ती समुद्रापार पोचल्या, मूर्तिकार घरीच राहिले.

रडत बसण्याऐवजी त्यांनी ठरवले, आता जगालाच आपल्या गल्लीत बोलवायचे. ब्रिटिश छायाचित्रकार लीया गॉर्डन यांच्या सोबतीने २००९ च्या अखेरीस पहिला ‘घेट्टो बिएनाले’ भरला. दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलामेळ्याला बिएनाले म्हणतात. त्याची प्रथा १८९५ मध्ये इटलीतल्या व्हेनिस शहरात पडली. त्याच व्हेनिसमध्ये १५१६ साली ज्यू लोकांना वेगळ्या वस्तीत कोंडण्यात आले होते. त्या वस्तीचे नाव घेट्टो. एक शब्द श्रीमंतांच्या मिरवण्याचा, दुसरा हुसकावलेल्यांचा. ग्रां रूच्या मंडळींनी दोन्ही एका पाटीवर आणले.

इथे येणाऱ्या परदेशी कलावंताने वस्तीतच राबायचे, तिथल्या माणसांसोबत काम उभे करायचे. जानेवारी २०१० मध्ये भीषण भूकंपाने राजधानी उद्ध्वस्त केली. तरीही २०११ मध्ये मेळा पुन्हा भरला. २०१३ च्या मेळ्यात तर कॅमेऱ्यालाच बंदी घालण्यात आली. आमच्या मते ही मोठी गोष्ट आहे. गरिबांच्या घरात शिरून फोटो काढणारे पुष्कळ असतात. इथे नियम घरधन्याने घातला!

पण एक प्रश्न उरतोच. पाहुणा परत गेला की त्याच्या नावापुढे एक मेळा जमा होतो. वस्तीच्या चुलीला काय मिळते? केवळ टाळ्यांनी पोट भरत नाही. गरीब यजमान आणि सुखवस्तू पाहुणा यांच्यातले अंतर एका मेळ्याने मिटत नाही. मेळ्याने ते झाकले नाही, हेही खरे.

२०२२ मध्ये जर्मनीतल्या कासेल शहराच्या जगप्रसिद्ध ‘डॉक्युमेंटा’ महोत्सवात या गटाला एक अख्खे चर्च मांडणीसाठी मिळाले. पुढे २०२४ मध्ये सशस्त्र टोळ्यांनी पोर्ट-ओ-प्रिन्सचा बराच भाग बळकावला आणि हजारो कुटुंबे घरे सोडून पळाली. कलेने गोळी अडत नाही. पण ‘आम्ही कचरा नाही’ हे या माणसांनी जगाला ठणकावून सांगितले, ते आता पुसले जाणार नाही.

तुमच्या घरातल्या पोराने तारेची गाडी किंवा पत्र्याचा पक्षी केला, तर पसारा म्हणून फेकू नका. चार शेजाऱ्यांना बोलवा आणि दाखवा.