भाव सगळ्यांच्या मोबाईलवर, मग पैसा एकाच बाजूला का?

सोयाबीनच्या काढणीत औशातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळपासून एकच प्रश्न फिरतो: आज काय भाव? पूर्वी त्यासाठी अडतीवर जावं लागायचं. आता पणन मंडळाची वेबसाईट आहे, 2016 पासून ई-नाम आहे, रोज व्हिडिओ टाकणारे यूट्यूबवाले आहेत. म्हणजे शेतकरी आणि व्यापारी एका पातळीवर आले?

माहितीत बऱ्यापैकी आले. कमाईत नाही.

2024 चा हंगाम बघा. हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये, बाजारात भाव 4,200 च्या आसपास. दोन्ही आकडे प्रत्येकाच्या खिशात होते. तरी 20 क्विंटल माल 4,200 ने घातला, तर 13,840 रुपये कमी आले. कळत असून!

कारण हमीभाव हातात पडतो तो सरकारी खरेदी केंद्रावर. तिथं ऑनलाईन नोंदणी, मग मेसेजची वाट, मग मॉइश्चर मीटर. ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा. त्या वर्षी ही मर्यादा 15 टक्के केली, पण नोव्हेंबरच्या मध्यात. दिवाळी तोवर होऊन गेली होती. कृषी केंद्राची उधारी, हरभऱ्याचं बियाणं, मजुरी... यातलं काहीच थांबत नाही. व्यापारी थांबू शकतो, ऑइल मिल तर त्याहून जास्त. सौद्यात खरी ताकद ही थांबण्याची असते, आणि तिचं अ‍ॅप निघालेलं नाही.

वरची पायरी दिल्लीत. मे 2025 च्या अखेरीस केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरची मूळ आयात ड्युटी 20 वरून 10 टक्के केली. शहरातल्या ग्राहकाला तेल स्वस्त व्हावं म्हणून. बाहेरचं तेल स्वस्त झालं की इथल्या सोयाबीनवर दाब येतो. बातमी फोनवर मिनिटात पोचली, पण ठरवताना औशाला कोण विचारतं?

थांबण्याची थोडी सोय मात्र आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना: माल गोदामात ठेवा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज घ्या, व्याज वर्षाला 6 टक्के, मुदत 6 महिने. ती बाजार समित्यांमार्फत चालते, पण सगळ्याच समित्या राबवतात असं नाही. आपल्या समितीत ती चालू आहे का, हे काढणीच्या आधीच विचारा. माल खळ्यावर आल्यावर विचारायला वेळ उरत नाही.