गृहयंत्र-विचार : जुना लॅपटॉप, त्याचा पंखा आणि वैशाखाचें ऊन

यवतमाळ जिल्ह्यांतील एका गृहस्थांचें पत्र आमच्याकडे आलें आहे. घरांत लहानथोर नऊ माणसें. लॅपटॉप मात्र एकच, आणि तोहि २०१३ सालीं थोरल्या मुलाच्या कॉलेजासाठीं घेतलेला. आज त्यावर सकाळीं धाकट्या सूनबाई शिकवणीचे वर्ग घेतात, दुपारीं पुतण्या प्रवेशपरीक्षेचे सराव-पेपर सोडवितो, आणि रात्रीं आजोबा घराण्याच्या जुन्या कागदपत्रांच्या नकला टंकित करतात. चैत्र लागल्यापासून पंखा असा घोंघावतो कीं, शेजारीं बसलेल्याचें बोलणें ऐकूं येत नाहीं. वर्ग रंगांत आला असतां यंत्र एकाएकीं मंदावतें आणि क्वचित् आपोआप बंदहि पडतें. पुतण्यानें एक तोड सुचविली आहे : पंखा बंद ठेवणारा एक लहानसा प्रोग्रॅम मिळतो, तो घालावा. काकांचें म्हणणें असें कीं, यंत्राचें आयुष्य सरलें, आतां नवें घ्यावें. ह्या दोघांत खरें कोणाचें, असें पत्रकर्ते विचारतात.

आमच्या मतें दोघांचेंहि नाहीं. परंतु काकांचा सल्ला ऐकल्यास फार तर पैसे जातील. पुतण्याचा ऐकल्यास यंत्रच जाईल. म्हणून आधीं पुतण्याच्या तोडीकडे वळूं.

पंखा किती वेगानें फिरावा हें कोण ठरवितें? विंडोज ठरवीत असेल, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः बहुतेक लॅपटॉपांत हें काम मुख्य प्रोसेसरहून निराळ्या अशा एका छोट्या नियंत्रक चिपकडे सोंपविलेलें असतें. कळफलकावर लक्ष ठेवणें, बॅटरी भरण्यावर देखरेख करणें आणि पंखा हांकणें हीं तिचीं नित्यकर्में. तिला आणि बायोसला लागणारी सूचनावली यंत्राच्या अंगींच लिहून ठेविलेली असते. तिलाच फर्मवेअर म्हणतात. कचेरींत साहेब बदलतात, पण जुना शिरस्तेदार जागच्या जागीं असतो आणि रोजचा कारभार त्याच्या वहिवाटीनें चालतो. विंडोज काढून दुसरें कांहीं घातलें, तरी फर्मवेअर असेंच आपल्या जागीं राहतें.

ह्या शिरस्तेदारापाशीं एक कोष्टक असतें. उदाहरणार्थ, ५५ अंशांस पंखा सुरू करावा, ६५ अंशांस मध्यम गति द्यावी, ८० ला पूर्ण जोर लावावा, आणि ४८ पर्यंत उतरल्यावर बंद करावा. सुरू करण्याचा व बंद करण्याचा आंकडा मुद्दाम निराळा ठेवितात. हें अंतर फार थोडें असेल, तर पंखा दर मिनिटास चढतो व उतरतो; आणि तो चढउतार एकसुरी आवाजाहून कानांस अधिक जाचतो. अशा ठिकाणीं फर्मवेअरमधील फेरफार हाच खरा उपाय होय. पत्रकर्त्यांच्या घरचें दुखणें मात्र निराळें दिसतें. तेथें पंखा चढतो, पण उतरतच नाहीं.

कारण उघड आहे. बहुतेक कंपन्या आपल्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकांत असें लिहितात कीं, भोंवतालची हवा ३५ अंशांपर्यंत असावी. यवतमाळास, वणीस किंवा पांढरकवड्यास वैशाखाच्या दुपारीं पारा ४२ च्या वर जाणें ही कांहीं नवलाची गोष्ट नाहीं. आतां थोडें गणित करूं. २५ अंशांच्या खोलींत एखाद्या कामानें प्रोसेसर ८० अंशांवर जात असेल, तर तो हवेहून ५५ अंशांनीं अधिक तापला. तेंच काम, तोच पंखा, पण हवा ४३ अंश. तेव्हां प्रोसेसर जवळ जवळ ९८ वर जाणार. ह्या प्रोसेसरांची मर्यादा शंभर ते एकशेपांच अंशांची असते. तिच्या जवळ पोंचतांच प्रोसेसर स्वतःच आपली गति उतरवितो, आणि तेवढ्यानेंहि भागलें नाहीं तर यंत्र बंद पडतें. सूनबाईंचा वर्ग अडखळतो तो ह्यामुळें. यंत्र आपला जीव वांचवीत असतें. अशा वेळीं पंखा बंद करणें म्हणजे तापानें फणफणलेल्या माणसास वर रजई पांघरण्यासारखें आहे. थिंकपॅड जातीच्या लॅपटॉपांत लिनक्सवरून पंख्याची गति शून्यापासून सातपर्यंत हातानें ठरवितां येते. पण ती सोय कर्त्यांनीं मुळांत बंद ठेविली आहे, आणि जाणूनबुजून उघडल्यावांचून ती चालत नाहीं. त्यांनीं ही खबरदारी उगाच घेतलेली नाहीं.

तेव्हां फर्मवेअरला हात लावण्यापूर्वीं तळाचें झांकण उघडावें. प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या एका चपट्या नळींतून बारीक पत्र्यांच्या फणीपर्यंत येते, आणि पंखा त्या फणींतून हवा बाहेर फेंकतो. आपला जिल्हा कापसाचा. वेंचणीपासून जिनिंगचा हंगाम संपेपर्यंत हवेंत तंतु उडत असतात. त्यांत उन्हाळ्याची धूळ मिसळली म्हणजे फणीच्या आंतल्या अंगास नमद्यासारखा थर बसतो. तो बाहेरून दिसत नाहीं. कित्येक जण बाहेरून जोराची हवा मारतात. त्यानें थर आणखी आंत दडपला जातो. पंखा सोडवून थर चिमट्यानें उचलावा हें बरें. आणि हवा मारावयाची झाल्यास पातीं बोटानें धरून ठेवावीं, नाहीं तर पंखा भलत्याच वेगानें फिरून त्याचा आंस बिघडतो. प्रोसेसर व तांब्याची नळी यांमधील लेप दहाबारा वर्षांत वाळून खडूसारखा होतो. तो पुसून नवी थर्मल पेस्ट लावून घ्यावी. हाताची संवय नसेल तर हें काम दुरुस्तीवाल्याकडे द्यावें. पंखा वाऱ्यासारखा सूं सूं न करतां घरघरत असेल, तर त्याचा आंस झिजला आहे. तेथें पंखा बदलण्यावांचून गत्यंतर नाहीं, आणि जगांतील कोणतेंहि फर्मवेअर त्यास बरें करूं शकणार नाहीं.

इतकें झाल्यावर एक प्रयोग करून पाहावा. तो निर्धोक आहे आणि केव्हांहि मागें घेतां येतो. २०१२ सालीं निघालेला इंटेलचा कोअर आय-५ ३२१०एम हा प्रोसेसर त्या वेळच्या पुष्कळ लॅपटॉपांत असे. त्याची नेहमींची गति अडीच गिगाहर्ट्झ. पण काम वाढलें कीं टर्बो बूस्टच्या योगें तो ३.१ पर्यंत उडी घेतो. गति वाढवावयाची म्हणजे बहुधा विद्युद्दाबहि वाढवावा लागतो, आणि उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणून गति चतुर्थांशानें वाढली तर ताप त्याहून कितीतरी अधिक वाढतो. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्यें 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' हा आंकडा १०० ऐवजीं ९९ केला, कीं बहुतेक यंत्रांत ही उडी बंद होते. वर्ग घेणें, टंकन करणें, सराव-पेपर सोडविणें ह्या कामांत फरक क्वचितच जाणवेल. पंखा मात्र पुष्कळदा लगेच खालीं येतो. पुतण्याच्या उत्साहास करण्याजोगें काम हवेंच असेल, तर त्यानें आठवडाभर सकाळ-दुपारचें तापमान व पंख्याचा वेग वहींत टिपून ठेवावा.

आतां फर्मवेअर. त्यांत दोन गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत होऊं देऊं नये. आहे त्याच फर्मवेअरमधील एखादी निवड बदलणें ही एक गोष्ट. फर्मवेअरच बदलणें ही दुसरी. पहिली सोपी आहे. यंत्र सुरू होत असतां एफ-२, एफ-१० किंवा एफ-१ ह्यांपैकीं कंपनीनें नेमून दिलेली कळ दाबली कीं बायोसची पानें उघडतात. एचपीच्या कित्येक लॅपटॉपांत वीज जोडलेली असतां पंखा सतत चालूं ठेवण्याची निवड असते. ती काढली तर यंत्र निवांत असतांना पंखा गप्प बसतो. डेलच्या अलीकडच्या कांहीं लॅपटॉपांत थंड, शांत आणि समतोल अशा निरनिराळ्या वृत्ति ठेविलेल्या आहेत. कांहीं यंत्रांत टर्बो बूस्ट येथूनच कायमचें बंद करतां येतें; वरील प्रयोग यशस्वी ठरल्यास तें अवश्य करावें. आमची सूचना अशी कीं, मार्गशीर्षांत शांत वृत्ति ठेवावी आणि होळी होतांच थंड वृत्तीवर यावें, मग आवाज थोडा वाढला तरी चालेल.

दुसरी गोष्ट जोखमीची आहे. कंपन्या बायोसची नवी आवृत्ति काढतात, तींत पुष्कळदा नियंत्रक चिपचें फर्मवेअरहि असतें आणि पंख्याचें कोष्टक सुधारलेलें असूं शकतें. सोबतची टीप वाचावी. तींत पंखा किंवा तापमान ह्यांचा उल्लेख असेल, तरच त्या वाटेस जावें. नवें तें सर्वच हितकर असतें असेंहि नाहीं. प्रोसेसरचा विद्युद्दाब थोडा उतरवून त्यास थंड ठेवण्याची एक चांगली युक्ति लोक पूर्वीं वापरीत. २०१९ च्या डिसेंबरांत 'प्लंडरव्होल्ट' ह्या नांवाचा एक सुरक्षादोष उघडकीस आला, आणि त्यानंतरच्या फर्मवेअरनें कित्येक यंत्रांत ती वाट बुजविली. पुनः जुन्या आवृत्तीवर येऊं म्हणावें, तर तेंहि नेहमीं शक्य असतेंच असें नाहीं. कोअरबूट नांवाचें स्वतंत्र फर्मवेअरहि आहे. १९९९ सालीं अमेरिकेंत लॉस अलामॉस येथें त्याचा आरंभ झाला, आणि थिंकपॅडच्या कांहीं जुन्या नमुन्यांवर तें उत्तम चालतें. परंतु नऊ माणसांच्या घरांतील एकुलत्या एका यंत्रावर त्याचा प्रयोग करणें आम्हांस पसंत नाहीं.

खरी धास्ती आहे ती विजेची. फर्मवेअर लिहिलें जात असतां, त्या पांचदहा मिनिटांत वीज गेली, तर चिपवर अर्धीच सूचनावली राहते आणि यंत्र पुनः सुरू होत नाहीं. वैशाख-ज्येष्ठांत तिसऱ्या प्रहरीं वावटळ सुटली कीं आपल्याकडे दिवे जातात, हें कोणास सांगावयास नको. म्हणूनच बहुतेक कंपन्यांचा प्रोग्रॅम बॅटरी पुरेशी भरलेली नसेल तर काम करण्याचें साफ नाकारतो. जुन्या लॅपटॉपची बॅटरी तर केव्हांच निकामी झालेली. तारेवरच तो जगत असतो. हा अडसर चुकविण्याच्या युक्त्या सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांचें ऐकूं नये. इन्व्हर्टर आहे म्हणूनहि निश्चिंत राहूं नये. घरगुती इन्व्हर्टरवर बहुधा एक कळ असते. ती यूपीएसच्या बाजूस नसेल, तर विजेवरून बॅटरीवर येतांना जो निमिषमात्र खंड पडतो, तेवढ्यांतहि बॅटरी नसलेला लॅपटॉप बंद पडूं शकतो. आधीं नवी बॅटरी घालावी, ती पूर्ण भरावी, आणि सूर्योदयाच्या सुमारास, आभाळ निरभ्र असतां, हें काम उरकावें. लॅपटॉपच्या तळावर लिहिलेला नमुन्याचा क्रमांक अक्षरशः जुळवून पाहावा. एकाच नांवाच्या दोन नमुन्यांचें फर्मवेअर भिन्न असूं शकतें.

आजोबांच्या नकलांविषयीं. फर्मवेअर बिघडलें म्हणून डिस्कवरील मजकूर पुसला जात नाहीं, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु डिस्क बिटलॉकरनें कुलूपबंद असेल, तर बायोस बदलल्यावर यंत्र अठ्ठेचाळीस आंकड्यांची किल्ली मागतें, आणि ती कोणीं टिपून ठेविलेली नसते. म्हणून ती आधीं शोधून कागदावर उतरवावी, बदल होईपर्यंत बिटलॉकर स्थगित ठेवावें, आणि नकलांच्या दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणीं ठेवाव्या. कागदपत्रें पिढ्यांचीं आहेत; यंत्र राहो वा जावो. यंत्र निपचित पडलेंच, तरीहि तें फेंकूं नये. चिपवर बाहेरून सूचनावली लिहिण्याचें साधन कांहीं दुरुस्तीवाल्यांपाशीं असतें. अमरावतीस किंवा नागपुरास चौकशी केल्यास असा कारागीर सांपडण्याचा संभव आहे.

काकांच्या म्हणण्यांत एवढें तथ्य आहे कीं, विंडोज १० ला मिळणारा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि २०१३ सालच्या प्रोसेसरास विंडोज ११ अधिकृतपणें स्वीकारीत नाहीं. पैशाचे व्यवहार त्या यंत्रावर करूं नयेत, किंवा त्यावर लिनक्स घालावें. परंतु जेथें शकुंतला गाडीचें १९२१ सालीं मँचेस्टरला बनलेलें वाफेचें इंजिन १९९४ पर्यंत राबलें, त्या जिल्ह्यांत बारातेरा वर्षांच्या यंत्रास म्हातारें म्हणूं नये.

बाकीचे उपाय बिनखर्चाचे आहेत. लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवर न ठेवतां लाकडी पाटावर ठेवावा, खालून हवा खेळूं द्यावी. कूलरच्या थेट झोतांत मात्र ठेवूं नये. त्याबरोबर पाण्याचे सूक्ष्म तुषार येतात, आणि विहिरीच्या जड पाण्यांतील क्षार पत्र्यांवर बसतात. कूलरनें खोली गार झाली कीं तेवढें पुरे. पुतण्यानें दुपारचे पेपर पहांटे पांचास सोडवावे. तेव्हां हवा दहापंधरा अंशांनीं उतरलेली असते, आणि परीक्षार्थ्यास ती वेळ वाईट नाहीं.

शेवटीं एक गोष्ट तातडीची म्हणून सांगतों. झांकण उघडल्यावर जुनी बॅटरी फुगलेली दिसली, किंवा कळफलक मध्येंच उचलला गेला असेल, तर वरीलपैकीं कांहींच करूं नये. यंत्र त्या क्षणीं बंद करावें, बॅटरीस टोंचूं वा दाबूं नये, आणि ती काढून घेण्यासाठीं यंत्र जाणत्याकडे पाठवावें. उन्हांत तापलेल्या मोटारींतून मात्र तें नेऊं नये.