वहीतले आकडे वाचणार कोण?

‘आज बीपी 118 आलंय, मग गोळी कशाला?’ हे वाक्य कितीतरी घरांत ऐकू येते. ते 118 कालच्या गोळीमुळेच आले, हे त्या घरात कुणी सांगितलेले नसते. चार दिवसांनी 160 दिसतात आणि मग घाबरून एकाऐवजी दोन गोळ्या घेतल्या जातात.

मुलांनी आईवडिलांना बीपीचे मशीन आणून दिले, हे चांगलेच झाले. डॉक्टरांसमोर अनेकांचा रक्तदाब चढतो; काहींचा तिथे नेमका ठीक येतो आणि घरी वाढलेला असतो. म्हणून घरच्या आकड्याला मोल आहे, पण एकट्यादुकट्या आकड्याला नाही. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्यावा. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, पाच मिनिटे न बोलता बसावे. सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी, मिनिटाच्या अंतराने दोन-दोनदा मोजावे. असे सात दिवस लिहून पहिला दिवस सोडावा आणि उरलेल्यांची सरासरी काढावी. दवाखान्यातली मर्यादा 140/90; घरच्या सरासरीची 135/85. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा उगाच फुगतो, आणि दुकानात पट्ट्याचे माप क्वचितच कुणी विचारते.

एवढे सांभाळून लिहिलेली वही दवाखान्यात नेली, तर बहुतेकदा ती टेबलावर तशीच राहते. घाईत पुन्हा एकदा पट्टा बांधला जातो आणि त्या एका आकड्यावर चिठ्ठी लिहिली जाते. हे थांबले पाहिजे. इंग्लंडमध्ये 1,182 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2018 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. घरचे आकडे पाहून डॉक्टरांनी ज्यांचे औषध ठरवले, त्यांचा वरचा दाब वर्षाअखेर इतरांपेक्षा 3.5 ते 4.7 अंकांनी कमी होता. आकडे मोबाइलवरून कळवणाऱ्यांचा दाब लवकर उतरला. पण वर्ष सरताना ते आणि साध्या कागदावर लिहून पाठवणारे यांच्यात फारसा फरक उरला नाही. म्हणजे महागडे अ‍ॅप नसले तरी चालते. आकडे वाचून गोळी बदलणारा माणूस मात्र हवाच.

भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे सुरुवातीलाच आले. जवळच्या सरकारी केंद्रात ठरलेल्या क्रमाने औषध देण्याची घडी तिथे बसवण्यात आली. तिलाच पुढची जोड द्यावी. उपकेंद्राने मशीन, योग्य मापाच्या पट्ट्यासह, सात दिवस घरी वापरायला द्यावे. पहिल्या दिवशी आशाताईंनी शेजारी बसून मोजायला शिकवावे. त्या कामाचा वेगळा मोबदला त्यांना मिळायलाच हवा. आणि रुग्णाच्या उपचारपत्रावर ‘घरची सरासरी’ असा एक रकाना छापावा, जो भरल्याशिवाय गोळीची मात्रा बदलली जाणार नाही.