करबुड्याचा बोगदा

"रेल्वेपेक्षा आपली एस.टी. बरी. स्टँड घराजवळ आहे." हे वाक्य गेली बारा वर्षे आम्ही इतक्यांदा बोललो की घरच्यांना ते पाठ झाले होते. रत्नागिरीला नातलगाचा निकाह असो, शिक्षकांचे प्रशिक्षण असो, नाहीतर दवाखान्याचे काम असो, आम्ही आपले चिपळूणच्या स्टँडवर बॅग घेऊन उभे. खरे कारण कोणाला ठाऊक नव्हते, बेगमलासुद्धा नाही. ते कारण म्हणजे करबुड्याचा बोगदा.

कोकण रेल्वेने जाणाऱ्यांना तो माहीत असेल. रत्नागिरीच्या अलीकडे, उक्षी आणि भोके या दोन स्टेशनांच्या मध्ये तो लागतो. लांबी साडेसहा किलोमीटर. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत या मार्गावर नव्वदच्या वर बोगदे आहेत, त्यांत हा सर्वांत लांब. बारा वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका दुपारी आम्ही गर्दीच्या डब्यात उभे होतो. रात्रीची झोप झाली नव्हती, पोटात अन्न नव्हते. गाडी बोगद्यात शिरली आणि एकाएकी छाती धडधडू लागली. बोटांना मुंग्या आल्या, घसा सुकला, श्वास पुरेना. आता इथेच संपलो, असे वाटले. गाडी नेहमीच्या वेगाने चालली होती, काहीही बिघडलेले नव्हते. शेजारच्या बाई मुलाला बिस्कीट भरवत होत्या, समोरचे चाचा घोरत होते. रत्नागिरी आली, आम्ही उतरलो, आणि पुन्हा त्या मार्गाच्या गाडीत चढलो नाही.

सांगायचे कोणाला? चाळिशीकडे झुकलेला माणूस, वर्गात पन्नास मुलांना दम देणारा मास्तर, आणि अंधाराला भितो? त्यात मनात आणखी एक काटा होता. ज्याचा अल्लाहवर भरवसा आहे त्याला अशी भीती वाटेलच कशी, आपल्या ईमानातच कसर असेल, असे वाटायचे. म्हणून गप्प राहिलो, आणि गप्प राहिल्याने भीती वाढत गेली.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये फजरनंतर फोन आला. रत्नागिरीचे मामू गेले. आमच्या बी.एड.च्या फीसाठी या मामूंनी आपली हापूसची कलमे एका हंगामापुरती कराराने दिली होती, आणि ते कधी बोलूनसुद्धा दाखवले नव्हते. जनाजा जोहरनंतर ठरला. बेगम म्हणाली, "सकाळची गाडी मिळेल, दोन तासांत पोचाल." आम्ही म्हणालो, "नको, एस.टी.ने जातो." संगमेश्वरच्या पुढे एक ट्रक आडवा झाला होता. रांगेत अडीच तास गेले. पोचलो तेव्हा असरची नमाज होऊन गेली होती. मामेभाऊ एवढेच म्हणाला, "भाई, अर्धा तास तुमची वाट पाहिली." ज्या माणसाने आम्हाला उभे केले त्याच्या जनाज्याच्या नमाजेत आम्ही नव्हतो, त्याच्या कबरीवर मूठभर मिट्टी आमच्या हातून पडली नाही. लोकांनी दोष ट्रकला दिला. आम्हाला मात्र माहीत होते.

एवढे होऊनही आम्ही सुधारलो नाही. सुधारलो ते चौथीतल्या लेकीमुळे. शाळेची सहल रेल्वेने रत्नागिरीला जाणार होती. तिने पत्र आमच्या हातात दिले आणि म्हणाली, "अब्बा, मला नाही जायचं. तुम्हीही रेल्वेने जात नाही. बोगद्यात काहीतरी होतं, म्हणूनच ना?" आम्ही तिला यातले कधी एक अक्षर सांगितले नव्हते. पण मुले शब्दांपेक्षा चेहरा लवकर वाचतात. त्या रात्री बेगमला सगळे खरे सांगितले. ती हसेल असे वाटले होते. ती म्हणाली, "एवढं बारा वर्षं एकट्यानेच सोसलंत?"

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना गाठले. त्यांनी सांगितले ते असे. धोका दिसला की शरीर पळायची तयारी करते. अ‍ॅड्रेनलिन नावाचा स्राव रक्तात येतो, ठोके वाढतात, श्वास भरभर चालतो. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला गेला की चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. धोका खोटा असला तरी शरीर हेच करते. ही लाट चढते आणि बहुधा काही मिनिटांत आपोआप उतरते. पण जो दर वेळी चढण्याआधीच पळ काढतो, त्याला ती उतरताना कधी दिसतच नाही. पळालो म्हणून वाचलो, असाच त्याचा समज होतो आणि पुढच्या वेळी भीती आणखी घट्ट होते.

हे ऐकताना वर्गातला एक मुलगा आठवला. मोठ्याने वाचायला उभे केले की त्याचे पाय लटपटत. दया येऊन त्याला बसवत गेलो असतो तर तो दहावीपर्यंत बसूनच राहिला असता. म्हणून त्याला पहिल्या दिवशी एक शब्द वाचायला लावला, मग एक ओळ, मग एक परिच्छेद. जो धडा मुलांना शिकवला तो स्वतःला शिकवायचा राहून गेला होता.

आम्ही तसेच केले. आधी माहिती घेतली. लांब बोगद्यांत हवा खेळती राहावी म्हणून मोठे पंखे बसवलेले असतात. २०२२ मध्ये या मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले, त्यामुळे विजेच्या इंजिनाच्या गाडीला धूर नाही. त्याच वर्षी देशात रस्ते अपघातांत एक लाख अडुसष्ट हजारांवर माणसे गेली, म्हणजे ज्याला आम्ही सुरक्षित समजत होतो तो रस्ताच जास्त जोखमीचा. आकड्यांनी डोके पटले, छाती पटली नाही. म्हणून पुढची पायरी. दोन रविवार नुसते चिपळूण स्टेशनवर जाऊन बसलो. तिसऱ्या रविवारी पॅसेंजरने सावर्ड्यापर्यंत. मग बेगमला घेऊन संगमेश्वरपर्यंत, वाटेतल्या लहानमोठ्या बोगद्यांसह. एकदा धीर सुटला आणि अलीकडेच उतरलो. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो.

शेवटी लेकीला घेऊन रत्नागिरीचे तिकीट काढले. बसताना दोघांनी सफरची दुआ पढली. उक्षी सुटले. अंधार झाला, आणि तीच धडधड सुरू झाली. या वेळी तिला घालवायचा प्रयत्न केला नाही. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, आणि ओठांवर दुरूद, सावकाश. लेकीने हात धरला होता. ती घड्याळ बघत होती. "अब्बा, तीन मिनिटं झाली." "अब्बा, पाच." पाचव्या मिनिटाला जाणवले की धडधड कमी होते आहे आणि आपण अजून बोगद्यातच आहोत. बारा वर्षांत हे पहिल्यांदा घडले. थोड्या वेळाने खिडकीत हिरवे रान आले. लेक म्हणाली, "एवढंच?" आम्हीही मनात तेच म्हणालो.

स्टेशनवरून थेट कबरस्तानात गेलो आणि मामूंसाठी दुआ केली.

आता थोडे वाचकांशी. भीती वाटणे म्हणजे ईमान कमी असणे नव्हे. हजरत मूसा (अलैहिस्सलाम) यांच्या काठीचा साप झाला तेव्हा तेही घाबरून माघारी वळले होते. त्यांना रागावले गेले नाही. भिऊ नकोस, त्याला उचल, असे सांगितले गेले. धीर दिला आणि हात पुढे करायलाही लावला. आम्ही बारा वर्षे नुसता धीर मागत राहिलो, हात मात्र मागेच ठेवला.

सगळी भीती खोटी नसते. पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालायची भीती, लोकलच्या दारात लटकायची भीती ही नेमत आहे, ती जपा. पण ज्या भीतीमागे धोका नाही आणि जिच्यामुळे नाती, कामे, सफर सुटत आहेत, तिच्यापुढे रोज थोडे थोडे उभे राहा. विमानाची असो, होडीची असो, घाटाची असो, रीत हीच. छातीत धडधड होत असेल तर आधी डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्या. भीती घरीही पाठ सोडत नसेल, झोप उडवत असेल, तर मानसोपचार तज्ज्ञांकडे जाण्यात लाज नाही. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.

आणि घरातले कोणी सफरीला वारंवार बहाणे करत असेल, तर "एवढ्याला काय घाबरायचं" असे म्हणू नका. "चल, मी येतो सोबत" म्हणा. आम्हाला हे वाक्य ऐकायला बारा वर्षे लागली, कारण आम्ही कोणाला विचारलेच नव्हते.

पुढच्या महिन्यात लेकीची सहल आहे, रेल्वेने. सोबत जाणाऱ्या पालकांच्या यादीत आम्ही आमचे नाव दिले आहे, इन्शाअल्लाह.