शेअरबाजार सावरला, कापसाचे काय?

अमेरिकेच्या जकातवाढीच्या धास्तीने ७ एप्रिल २०२५ रोजी सेन्सेक्स २,२२६ अंशांनी कोसळला. वृत्तपत्रांनी गुंतवणूकदारांसाठी अश्रू ढाळले. पण महिनाही न लोटता बाजाराने ती घट भरून काढली. ऑगस्टअखेर अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के अतिरिक्त जकात लादली. कापडगिरण्यांना दिलासा म्हणून केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून माफ केले आणि ही सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली. नेमक्या याच काळात शिरपूरच्या शेतकऱ्याचा कापूस बाजारात येतो आणि परदेशी गाठींचे दडपण त्याच्या भावावर पडते. शेअर धरून ठेवता येतो; कर्जबाजारी शेतकऱ्याला कापूस धरून ठेवता येत नाही. वेचणीच्या हंगामात शुल्कमाफी नको, हमीभावाने वेळेवर खरेदी हवी. कार्यकर्त्यांनी या मागणीसाठी गावोगाव लोकमत संघटित करावे.