ब्लीचिंग पावडर टाकली म्हणजे पाणी शुद्ध झालं का?

जुलै लागला की आमच्या मानोऱ्याच्या शाळेत हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढतात. पहिला मोठा पाऊस होऊन आठ-दहा दिवस झाले की एकेका बाकावरचं मूल दिसेनासं होतं. घरी निरोप पाठवला तर उत्तर ठरलेलं: "टीचर, पेट चल रहा उसका." वीसेक वर्षं हेच ऐकतेय. पावसाळा आहे, चालायचंच, असं मीही म्हणायचे.

एका पावसाळ्यात माझ्या एका विद्यार्थिनीचा नऊ महिन्यांचा भाऊ आजारी पडला. दोन दिवस जुलाब थांबायचे, तिसऱ्या दिवशी परत सुरू. दुकानातून विचारून आणलेलं औषध झालं, शौचाची तपासणी झाली, रिपोर्टवर परजीवी आढळले नाहीत असं लिहून आलं. शेवटी सलाईन लागलं. बाळ वाचलं, अल्हम्दुलिल्लाह, पण दोन आठवड्यांत हाडं दिसायला लागली होती. त्याच्या आईने मला विचारलं, "टीचर, हमारे कुएँ में तो पावडर डालते ना?"

विज्ञान शिकवणारी बाई, पण मला धड उत्तर देता आलं नाही. नंतर वाचत गेले, त्यातून हा लेख.

पावडर टाकतात, आणि टाकायलाच हवी. २०२२ च्या जुलैत आपल्याच विभागातल्या मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत, लोकांनी उघड्या विहिरीचं पाणी प्यायलं आणि कॉलऱ्याने माणसं गेली. कॉलरा, टायफॉईडचे जिवाणू क्लोरीनने मरतात. म्हणून तर गावोगावी जलसुरक्षक नेमलेत, ओटी टेस्टमध्ये पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे म्हणून नोंद होते, आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. ही चांगली व्यवस्था आहे. पण ती बांधलीय जिवाणूंसाठी.

पाण्यातून येणारे सगळेच जंतू जिवाणू नसतात. अमिबा आणि जिआर्डिया हे परजीवी, हे पुष्कळांना माहीत असतं. तिसरा आहे क्रिप्टोस्पोरिडियम. नाव अवघड आहे, पण लक्षात ठेवण्यासारखं. शौचातून बाहेर पडताना तो एका जाड कवचात बंद असतो. आकार चार ते सहा मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाइतका. ओढणीचं कापड दुहेरी करून गाळलं तरी तो आरामात पार होतो. आणि क्लोरीन? लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या पाण्यात ई-कोलाय जिवाणू मिनिटाभरात मरतो, जिआर्डियाला पाऊण तास लागतो, क्रिप्टो दहा दिवस टिकतो. आपल्या नळाच्या शेवटच्या टोकाला क्लोरीन ०.२ मिलिग्रॅम असलं तरी ते पाणी पास!

१९९३ साली अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरात हेच झालं. क्लोरीन घातलेलं, तेव्हाच्या नियमांत बसणारं नळाचं पाणी पिऊन सुमारे चार लाख लोक आजारी पडले. फिल्टर नीट चालत नव्हते, पाणी नेहमीपेक्षा गढूळ येत होतं, एवढीच काय ती खूण. ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच कमी होती, अशा लोकांचे त्यात जीव गेले.

आपल्याकडे प्रश्न लहान मुलांचा आहे. कोलकात्यासह आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या सात ठिकाणी झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. लहान मुलांच्या गंभीर जुलाबांमागे जी चार मोठी कारणं निघाली, त्यात रोटाव्हायरसच्या बरोबरीने क्रिप्टोस्पोरिडियम होता. रोटाव्हायरसची लस २०१९ पासून महाराष्ट्रात सरकारी लसीकरणात मिळते. क्रिप्टोवर लस नाही. अमिबा आणि जिआर्डियासाठी देतात ती मेट्रोनिडाझोल त्यावर चालत नाही. नायटाझोक्झनाइड काहींना लागू पडतं, पण अगदी अशक्त मुलांत त्याचाही भरवसा नाही. शिवाय शौचाच्या साध्या तपासणीत तो बहुतेक वेळा दिसतच नाही, नमुन्याला वेगळा रंग देऊन पाहावं लागतं. त्या बाळाला हाच होता का, ते म्हणूनच कुणाला कळलं नाही.

आता जनावरांचं. बकरी ईदच्या आधी आपल्या घरांत बोकड येतो, मुलं त्याला मिठी मारून झोपतात, आणि मग कुणीतरी म्हणतं की आजार त्यानेच आणला. हे अर्धवट आहे. हा परजीवी मुख्यतः नुकतंच जन्मलेलं वासरू किंवा करडू यांना धरतो, वय साधारण एक ते तीन आठवडे. हगवण लागलेल्या अशा एका पिल्लाच्या शेणा-लेंड्यांतून कोट्यवधी कवचं बाहेर पडतात, आणि माणसाला आजारी पाडायला दहा-वीसही पुरतात. कुर्बानीच्या वर्षभराच्या धडधाकट बोकडाकडून तेवढी भीती नाही. ढाळ लागलेलं करडू मात्र मुलांच्या हाती देऊ नये, त्याचा गोठा विहिरीपासून लांब असावा.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या अभ्यासांत मुलांमध्ये जास्त करून सापडली ती या परजीवीची माणसातून माणसात जाणारी जात. म्हणजे बोट दाखवायचं तर बकऱ्यांकडे कमी, आपल्या गटारीकडे, नालीतून गेलेल्या नळाच्या पाइपाकडे आणि पाझरणाऱ्या शोषखड्ड्याकडे जास्त. आपल्या काळ्या खडकात पाणी भेगांतून चालतं. शोषखड्डा आणि विहीर शेजारी असली तर मधे गाळणारं फारसं काही नसतं.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे रुग्ण वाढले तेव्हाही लोकांनी आधी चिकन खाणं सोडलं. बोट नंतर पाण्याकडे वळलं. तिथे सापडले ते जिवाणू आणि विषाणू, परजीवी नव्हे. पण पाणी नुसत्या क्लोरीनवर सोडलं जात होतं, फिल्टर नव्हता, ही गोष्ट आपल्या ओळखीची आहे.

घरात काय करता येईल? खळखळ उकळी एक मिनिट, एवढ्यात क्रिप्टो मरतो. सिलिंडरचा भाव माहीत आहे, म्हणून सगळ्या घरासाठी सांगत नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला आणि घरातल्या आजारी माणसाला दिवसाला दोन-तीन लिटर पुरतं, तेवढं तरी उकळा. लंगोट बदलल्यावर साबण. हँड सॅनिटायझर या कवचावर चालत नाही. जुलाब लागले तर ओआरएस, चौदा दिवस झिंक, अंगावर पीत असेल तर दूध बंद करू नका. दोन आठवड्यांवर गेलं तर दुकानातली गोळी नको, थेट सरकारी दवाखाना. लग्नात येणाऱ्या थंड पाण्याच्या जारवर मात्र माझा विश्वास नाही. ते कशातून गाळलंय, आपल्यापैकी कुणी विचारलंय?

पण उकळणं हे आईच्या वाट्याचं काम झालं. नगरपंचायतीच्या आणि ग्रामपंचायतीच्या वाट्याचं वेगळं आहे. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, २०१२ पासून सांगतं की दहा लिटर पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम आणि जिआर्डिया असताच कामा नयेत. नेहमीची तपासणी मात्र कोलिफॉर्म आणि ई-कोलायपुरती होते. ते क्लोरीनने आधीच मेलेले असतात, त्यामुळे रिपोर्ट स्वच्छ येतो.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत किंवा नगरसेवक दारात आले की "पावडर टाकली का?" एवढंच विचारून थांबू नका. पाणी तुरटीने निवळून वाळूच्या फिल्टरमधून येतं का? फिल्टर शेवटचा कधी धुतला? पावसाळ्यात गढूळपणा रोज मोजतात का, आणि ती वही आम्हाला बघायला मिळेल का? नालीतून गेलेला पाइप कोणत्या महिन्यात बदलणार? मी स्वतः हे प्रश्न लिहून दिलेत, पोचपावती घेतलीय. उत्तर आलं की इथेच कळवीन.